आपल्याकडं की तिकडं?

आमच्या बोळात पाणी पहाटे येतं. म्हणजे ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटे येतं. तो दिवस कुठला, हे पाणी सोडणाऱ्यालाच ठाऊक आणि तो पोटातलं ओठावर आणत नाही. बेळगावला पाणी देणारं राकसकोपचं धरण भरल्याचे फोटो आमच्या फोनवर तासाभरात पोचतात, पाणी आपलं चार-पाच दिवसांनी सावकाश येतं.

म्हणून रोज साडेपाचचा गजर. गजर बंद करायला फोन हातात घ्यावा लागतो आणि तिथंच घात होतो. अंगठा आपोआप बातम्यांवर जातो. दिवा न लावता, चूळ न भरता, अर्धी चादर अंगावर ठेवून मी जगाची हालहवाल घ्यायला लागतो. रात्री झोपताना ‘उद्यापासून उठल्याबरोबर फोन नाही’ असं ठरवलेलं असतं. नेम चांगला आहे. गेली तीन वर्षं मी तो रोज रात्री न चुकता करतो.

‘‘काय म्हणतंय रे बातमीत?’’ स्वयंपाकघरातून आई.

‘‘अतिवृष्टीचा इशारा. शाळांना सुट्टी.’’

‘‘आपल्याकडं की तिकडं?’’

तिकडं म्हणजे महाराष्ट्रात. बेळगावातून वेंगुर्ला रोडला लागलं की दुचाकीवरून अर्ध्या-पाऊण तासात शिनोळीला ‘तिकडं’ सुरू होतं. आईचं माहेर गडहिंग्लजचं, तरी ‘तिकडं’ म्हणताना ती असा हात करते की वाटावं, बोटीनं जायचंय. सुट्टी कोल्हापूरची निघाली. चिरंजीवांनी तोवर चादर डोक्यावर ओढून घेतली होती. पाऊस दोन्हीकडं एकच होता, रेनकोट मात्र त्याला एकट्यालाच घालावा लागला.

त्याला हा धोका नवा नाही. टीव्हीवर मराठी चॅनेल. तिथं ‘दहावीचा निकाल उद्या दुपारी एक वाजता’ अशी पट्टी फिरायला लागली की घरातल्या दहावीवाल्याच्या पोटात गोळा येतो. तो निकाल पुण्याच्या बोर्डाचा. आमची पोरं मराठी माध्यमात शिकून परीक्षा देतात बेंगळूरच्या बोर्डाची. माझ्या पुतणीनं तर दुसऱ्याच बोर्डाच्या निकालासाठी देवापुढं नारळ ठेवला होता. नंतर तोच नारळ आपल्या निकालाला चालवून घेतला.

बातम्यांचं नवं ॲप घेतलं, तर त्यानं पहिल्याच पानावर विचारलं, ‘तुमचं राज्य निवडा.’ कर्नाटक निवडलं तर सगळं कन्नडमध्ये. कन्नड मला बाजारापुरतं येतं. कांद्याचा भाव कळतो, अग्रलेख कळत नाही. महाराष्ट्र निवडलं तर पुढं शहरांची यादी, त्यात पुणं आहे, नाशिक आहे, बेळगाव नाही. १९५६ पासून भल्याभल्यांना सुटला नाही, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तो सीमाप्रश्न हे ॲप मला पहाटे पावणेसहाला, अंथरुणात विचारत होतं. खाली ‘नंतर’ असं बटण होतं. मी तेच दाबलं. इतकी वर्षं बाकीच्यांनीही तेच दाबलंय.

हवामानाची तर दोन ॲपं आहेत. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. एका ॲपाला ते कळलंय, दुसऱ्याला नाही. एकदा बेळगावात पाऊस होता आणि बेळगावीत लख्ख ऊन. मी खिडकी उघडून बघितलं, तर धुकं.

खरी सीमापरिषद भरते ती बायको आणि माझ्या बहिणीच्या फोनवर. बहीण तिकडं दिलेली. तिला लाडकी बहीणचे १,५०० रुपये आणि एसटीत अर्धं तिकीट. हिला गृहलक्ष्मीचे २,००० आणि इकडच्या बसला शून्य तिकीट. ‘‘वन्सं, आमच्याकडं कंडक्टर तिकीट देतो पण पैसेच घेत नाही!’’ हे वाक्य ही दर फोनला सांगते. बहीणही हार मानत नाही, ‘‘पण भावाला कुणी काय देतंय का गं, तुमच्याकडं?’’ यावर दोघी खूष होऊन हसतात. कुठं काही बिनसलं आणि गाड्या सीमेवर थांबल्या की शून्य काय आणि अर्धं काय, दोघीही आपापल्या घरी. दिवाळीचा कुंदा मग इकडंच संपवावा लागतो. तेवढा एक फायदा.

परवाही असाच वाचत पडलो होतो. मुंबईत लोकल बंद, दिल्लीत धूर, सोन्याचा भाव वर. शेजारच्या काकूंच्या हंड्याचा आवाज मधेच कानावर आला होता, पण तेव्हा मी एका अनोळखी माणसाशी, मिसळीबरोबर पाव की ब्रेड, यावर हमरीतुमरीवर आलो होतो. त्याला निरुत्तर करूनच उठलो. बादली घेऊन नळ सोडला. नळानं दोन उचक्या दिल्या, एक लांबलचक सुस्कारा सोडला आणि गप्प झाला.

‘‘आई, पाणी गेलं!’’ मी ओरडलो.

आतून निवांत आवाज आला, ‘‘आपल्याकडं की तिकडं?’’