संन्याशाच्या झोळीत काय होतं? : एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतल्या डॉक्टरांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया चांगली सणसणीत आहे. खालच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पैलवान सज्ञान असतात, स्नायू वाढवणारं स्टेरॉइड स्वतः मागून घेतात. डॉक्टरने नाही दिलं तर काळ्या बाजारातलं भेसळीचं घेतील, त्यापेक्षा डॉक्टरच्या नजरेखाली घेतलेलं बरं. पैसा डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या कुस्ती कंपनीने कमावला, तिचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमॅन कोर्टातून मोकळा झाला आणि पैलवानांना स्टेरॉइड देणारे डॉ. झहोरियन आत गेले, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि पैलवान क्रिस बेन्वाने बायको-मुलाला मारलं, त्याचं खापर मी त्याच्या डॉक्टरवर फोडलं, ते अशास्त्रीय आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. जून २००७ मध्ये जॉर्जियातल्या फेएटव्हिलच्या घरात बेन्वाने पत्नी नॅन्सी आणि सात वर्षांचा मुलगा डॅनियल यांना मारलं आणि नंतर स्वतःला संपवलं. स्टेरॉइडने डोकं फिरलं म्हणून हे घडलं, असं तेव्हा अमेरिकेतल्या वाहिन्या ओरडत होत्या. मी तसं लिहिलेलं नाही. राज्याच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांनी तेव्हाच सांगितलं होतं की त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन, स्टेरॉइडचाच एक प्रकार) भरपूर सापडलं, पण त्यावरून हत्येचं कारण सांगता येत नाही. पुढे मेंदूचे शल्यविशारद ज्युलियन बेल्स यांनी त्याचा मेंदू तपासला, तर डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे झालेली हानी सगळीकडे पसरलेली दिसली.

पण मुळात त्याचे डॉक्टर फिल अ‍ॅस्टिन यांना त्या मृत्यूंसाठी शिक्षा झालेलीच नाही. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी १७५ आरोप कबूल केले आणि मे महिन्यात त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली. आरोप होते वैद्यकीय गरज नसताना वेदनाशामकं आणि झॅनॅक्ससारखी चिंता शमवणारी औषधं लिहून देण्याचे. मायकल जॅक्सनच्या डॉक्टरांचं, कॉनराड मरी यांचं, प्रकरण वेगळं होतं. त्यांना २०११ मध्ये थेट सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं, त्यामुळे तिथे औषध आणि मृत्यू यांचा संबंध सिद्ध करावा लागला. अ‍ॅस्टिन यांच्या बाबतीत ती गरजच नव्हती, बेकायदा चिठ्ठी लिहिणं हाच गुन्हा होता. तपासयंत्रणेच्या प्रतिज्ञापत्रात बेन्वाबद्दल एक ओळ होती: मे २००६ ते मे २००७ या वर्षात दर तीन-चार आठवड्यांनी त्याला सुमारे दहा महिने पुरेल इतकं टेस्टोस्टेरॉन लिहून दिलं गेलं. तुम्ही रोज चिठ्ठ्या लिहिता. या ओळीवर तुमचं मत मला खरंच हवं होतं, पण एवढ्या लांब प्रतिक्रियेत नेमका तिचाच उल्लेख नाही.

आता तुमचे संन्यासी, डॉ. जॉर्ज झहोरियन. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हॅरिसबर्गचे युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञ. त्या राज्यात त्या काळी कुस्तीच्या कार्यक्रमाला राज्याच्या क्रीडा आयोगाने नेमलेला डॉक्टर हजर असावा लागे, आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या तिथल्या कार्यक्रमांना तो डॉक्टर म्हणजे हे. त्यांनी रिंगमध्ये उतरण्याआधी पैलवानाचं बीपी बघायचं आणि तो उतरायला ठीक आहे की नाही ते ठरवायचं. राज्याने त्यांना बसवलं होतं ते एवढ्यासाठी. प्रत्यक्षात बीपी बघून झालं की तिथेच बॅग उघडायची, पैलवानांनी रोख पैसे द्यायचे आणि आपापला माल घेऊन जायचं. जे दूर असत त्यांना फेडरल एक्सप्रेसच्या कुरिअरने घरपोच. १९९१ च्या खटल्यात रॉडी पायपर, रिक मार्टेल, ब्रायन ब्लेअर, डॅन स्पायव्ही या पैलवानांनीच हे साक्षीत सांगितलं. इथे मला तुमची म्हण बदलावीशी वाटते. हे कुंपणाने शेत खाल्ल्याचं प्रकरण आहे.

गंमत अशी की त्यांच्या बचावाचा युक्तिवाद जवळजवळ शब्दशः तुमचाच होता: हे लोक घेणारच होते, मी निदान शुद्ध औषध दिलं आणि लक्ष ठेवलं. ज्यूरीने तो ऐकला आणि बारा आरोपांत त्यांना दोषी धरलं. शिक्षा तीन वर्षांची झाली. युक्तिवाद टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. व्यसनमुक्तीच्या कामात याच तत्त्वावर नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना सुया बदलून देतात आणि त्याने जीव वाचतात. पण तिथे देणारा सुईमागे नफा घेत नाही. आणि लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगावं अशी वेळ नाही: यकृताच्या चाचण्या, लिपिड, हिमोग्लोबिन, हृदयाची तपासणी, केसपेपरवर नोंद, आणि आकडे बिघडले की औषध बंद. कुरिअरच्या खोक्यातून यातलं काय बघता येतं?

सज्ञानपणाबद्दल एवढंच. १९८८ च्या अमेरिकी कायद्याने, आजारावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून होणारे उपचार सोडून इतर कारणासाठी स्टेरॉइड वाटणं हा गुन्हा ठरवला. त्याखाली शिक्षा झालेले पहिले डॉक्टर झहोरियन. स्टेरॉइड नियंत्रित औषधांच्या यादीत गेलं ते पुढे फेब्रुवारी १९९१ मध्ये. म्हणजे तोवर घेणाऱ्या पैलवानाला मोकळं सोडायचं आणि औषध देणाऱ्यालाच धरायचं, हे संसदेनेच ठरवलं होतं. तुम्ही म्हणता तसं मंजूर उपयोगापलीकडे औषध लिहिणं डॉक्टर रोज करतात आणि ते कायदेशीर आहे, हे खरं. पण त्यालाही आजार तर लागतो! दंड बारीक असणं हा आजार कुठल्या पुस्तकात आहे?

(आमच्या पिढीला त्या दंडांची मापं पाढ्यांपेक्षा जास्त पाठ होती, हे कबूल. मधल्या सुट्टीत पैलवानांच्या ट्रम्प कार्डांचे डाव याच आकड्यांवर जिंकले जायचे.)

मॅकमॅनबद्दल मात्र तुमच्याइतकाच माझाही जळफळाट होतो. १ डिसेंबर १९८९ ची विन्सच्या पत्नी लिंडा मॅकमॅन यांची एक अंतर्गत चिठ्ठी आहे, कंपनीतले अधिकारी पॅट पॅटरसन यांना लिहिलेली: झहोरियन यांच्यामागे चौकशी लागू शकते, त्यांना आता कार्यक्रमांना बोलावणं बरं नाही, त्यांना कळवा. यावरून कंपनीला काय माहीत होतं ते ज्याने त्याने ठरवावं. १९९४ मध्ये लाँग आयलंडच्या कोर्टात मॅकमॅनवर खटला उभा राहिला. कंपनीचा सर्वांत गाजलेला पैलवान हल्क होगन साक्षीला आला. तीनच वर्षांपूर्वी टीव्हीवर त्याने स्टेरॉइडचा वापर जवळपास नाकारला होता, आता शपथेवर त्याने वर्षानुवर्षांचा वापर मान्य केला. माल कंपनीच्या कचेरीत पगाराच्या चेकसोबत आणि चाहत्यांच्या पत्रांसोबत मिळायचा, हेही सांगितलं. पण मॅकमॅनने घ्यायला लावलं का, याला त्याचं उत्तर ‘नाही’ असं होतं. वाटपाचे दोन आरोप न्यायाधीशांनी कार्यक्षेत्राच्या मुद्द्यावर आधीच काढून टाकले, उरलेल्या कटाच्या आरोपातून ज्यूरीने मॅकमॅनला सोडलं. सरकारी पक्षाने खटला कच्चा लढवला असं माझं मत आहे. पण त्यातून झहोरियन निर्दोष कसे ठरतात? एक सुटला म्हणून दुसऱ्यालाही सोडा, हा न्याय कुठला?

तुम्ही दिलेला पुण्या-मुंबईच्या जिममधल्या इंजेक्शनांचा दाखला इथे लागू पडत नाही. मेफेंटरमाइनची जी इंजेक्शनं पोलिस पकडतात ती स्टेरॉइड नव्हेत, रक्तदाब वाढवणारी आहेत, आणि ती बहुतेक चिठ्ठीशिवायच फिरतात. तिथे डॉक्टर जवळपास नसतोच. आपण बोलतोय ते डॉक्टर हजर असताना घडलेल्या गोष्टींबद्दल.

तुमच्या प्रतिक्रियेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रश्न आता. तुम्ही विचारता: ज्याने आधीच दहा वर्षं स्टेरॉइड घेतलंय, ज्याचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं बंद पडलंय, तो दारात आला तर डॉक्टरने काय करायचं? हा माणूस खरोखर आजारी असतो. बाहेरून हार्मोन मिळत राहिलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा निरोप थांबतो, वृषणं आक्रसतात, आणि औषध सोडलं की थकवा, नैराश्य, गळालेली ताकद. म्हणजे औषधाने केलेलं नुकसान हेच पुढच्या औषधाचं कारण बनतं. डब्ल्यूडब्ल्यूईने २००६ मध्ये चाचण्या सुरू केल्या, तेव्हा आधी सूचना देऊनही मार्चच्या पहिल्या फेरीत ४० टक्के पैलवान दोषी सापडले, असं हेन्री वॉक्समन यांच्या अमेरिकी संसदीय समितीच्या चौकशीत बाहेर आलं. नियमांत उपचारासाठी सूट होती. त्या सुटीचं दार उघडतं ते डॉक्टरच्या सहीने.

म्हणून माझं उत्तर: हाकलून देऊ नका. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे पाठवा, रक्त तपासा, लागेल तेवढीच मात्रा द्या, पुढची चिठ्ठी पुढच्या तपासणीनंतरच लिहा, आणि शरीर सावरेपर्यंत काही महिने रिंगमध्ये उतरू नको असं तोंडावर सांगा. अडचण आहे ती या शेवटच्या वाक्यात. कंपनीच्या कागदोपत्री पैलवान हा नोकर नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहे, आणि त्याचा आरोग्यविमा त्याने स्वतःच उतरवायचा. घरी बसला तर त्याची जागा दुसरा घेतो. तेव्हा तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार आणि तो डॉक्टर लिहून देणार, हे तुमचं भाकीत मला खोडता येत नाही. कंपनीवर बोट ठेवायचं तर ते इथे ठेवा, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. या कंत्राटांवर वेगळा लेख लिहायला घेतलाय. तोवर ती दहा महिन्यांची ओळ पुन्हा वाचून बघा आणि काय वाटलं ते कळवा.