‘चादर विकली की विषय संपला’ म्हणणाऱ्या सोलापूरकरांना

मागच्या आठवड्यात मी ‘सॉफ्टवेअर कुणाचं?’ असा लेख टाकला. म्हणणं एवढंच होतं: बाहेरच्या माणसाकडून सॉफ्टवेअर करून घेतलं, पैसे चुकते केले, तरी लेखी करार नसेल तर कोडचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. त्यावर ‘एक सोलापूरकर’ या नावाने प्रतिक्रिया आली. ‘चादर विकली की विणकर गिऱ्हाइकाच्या मागे हक्क सांगत फिरत नाही. सोलापुरात राहून एवढं तरी कळायला हवं होतं.’ खाली आणखी चार मुद्दे आहेत. त्यांच्याकडे येतो.

आधी हे ‘एवढं तरी’. मतभेद असू द्या ओ, त्याला कोण नाही म्हणतंय? पण नाव न सांगता येऊन माणसाचं सोलापूरकरपण काढायचं, ही कुठली रीत? मी साखर पेठेत वाढलोय. यंत्रमाग बंद पडला की आमच्याकडे झोपमोड व्हायची, चालू असला की नाही. चादर म्हणजे काय हे मला शिकवू नका, साहेब.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात नक्षीची कार्डं पाडायचे. आधी ग्राफच्या कागदावर नक्षी, चौकोन चौकोन लाल पेन्सिलने भरलेली. मग त्या चौकोनांबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं. कार्डं दोऱ्याने ओवून त्यांची माळ जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, चढायची. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जायचा, नसेल तिथला खालीच. मोराच्या मानेत एक भोक चुकलं, तर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत मोराची मान मोडलेली. वडील त्या भोकावर कागद चिकटवून शेजारी नवं भोक पाडायचे. आज आम्ही प्रोग्राम लिहिणारे ज्याला बग, म्हणजे चूक, काढणं म्हणतो, ते याहून वेगळं काही नाही. फ्रान्समधल्या जकारने १८०४ साली हे यंत्र काढलं. संगणकाला भोकांच्या कार्डांतून हुकूम द्यायची कल्पना पुढे तिथूनच आली.

आता तुमची चादर घ्या. चाटी गल्लीत जाऊन कुणीही मोराची चादर विकत घ्यावी, अंथरावी, पांघरावी, भाच्याच्या लग्नात आहेर करावी. विणकर खरंच मागे येत नाही. पण कार्डं? शेजारचा कारखानदार एकदा ‘एक रात्र द्या, सकाळी आणून देतो’ म्हणत आला होता, तेव्हा मालकाने त्याला चहा पाजला आणि कपाटाची किल्ली खिशात ठेवली. चादर विकायची असते, कार्डं नाही. गिऱ्हाइकाला मिळते ती प्रत, आणि कोड म्हणजे कार्डं. एवढं सोपं आहे.

आणि ‘सोलापुरी चादर’ हे नाव? तेही तुमच्या चादरीबरोबर तुमच्या घरी येत नाही. त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. दुसऱ्या गावात विणून त्यावर ते नाव छापता येत नाही. म्हणजे तुम्ही ज्या चादरीचा दाखला दिलात, तिच्यातच मालकीचे तीन थर निघाले.

कायदाही हेच सांगतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तोंडी ‘घ्या, तुमचंच आहे’ला इथे किंमत नाही. घेणाऱ्याला बॅकअप काढायची मुभा कलम ५२ मध्ये आहे. मेहुण्याला वाटायची नाही.

मेहुणा मुद्दाम म्हणालो. २०११ साली टॉवेलच्या एका कारखान्यासाठी मी स्टॉकचा प्रोग्राम केला. आठ महिने रोज सकाळी दहाला त्यांच्याच ऑफिसात, त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून. मालक पहिल्या तारखेला पाकीट द्यायचे. पुढे कळलं की तोच प्रोग्राम त्यांच्या मेहुण्याच्या युनिटमध्येही चालतोय, फक्त वरचं नाव बदललेलं. विचारलं तर म्हणाले, ‘घरचंच आहे की.’ हे ज्याने भोगलंय त्याला चादरीचे दाखले देऊ नयेत.

बाकीचे मुद्दे. कॉपीराइटची मुदत मी लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं लिहिली होती, ती ६० आहे. कान पकडतो, लेखात दुरुस्त केलंय. पेटंटबद्दल तुम्ही पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मधल्या ‘पर से’ या दोन शब्दांवर बोट ठेवलंत, म्हणजे नुसत्या प्रोग्रामला पेटंट नाही, पण तांत्रिक शोधाचा भाग असेल तर मिळू शकतं. बरं. पार्क चौकात बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या पोराला त्याचा काय उपयोग? ‘स्वतः कधी विंडोज विकत घेतलंत का?’ या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. तो मुद्दा नव्हे, टोमणा आहे.

राहिला शेवटचा: ‘करणारा नोकरीत होता की ठेक्यावर, हे लेखात कुठेच नाही. कलम १७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्कदार नोकरी देणारा मालकच.’ हो, वेगळं काही ठरलं नसेल तर तसं आहे, माहीत आहे मला. पण प्रत्येक लेखात सगळंच कसं येणार? आणि पाकीट म्हणजे पगार नव्हे. हजेरीच्या वहीत माझी सही असायची ती फक्त चहाच्या हिशोबासाठी. यावर वाद वाढवायची माझी इच्छा नाही.

वडिलांचा कारखाना बंद झाला तेव्हा मोराच्या कार्डांचा एक गठ्ठा त्यांनी घरी आणला. कुणी मागायला आलं नाही. माळ्यावर आहे अजून. बघायचा असेल तर या, चहा आमच्याकडे. मात्र नाव सांगून या.