घ्या, माझा पत्ता!

क्रिप्टोमध्ये सगळं कसं गुप्त असतं, नाही? नाव नाही, गाव नाही, नुसती अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ. तिलाच म्हणायचं पत्ता. तुम्हालाही असं गुप्त राहायचं असेल तर माझे सल्ले ऐका. गेल्याच आठवड्यात स्वतःवर प्रयोग करून झालेत.

पहिलं म्हणजे, आयुष्यभर पत्ता एकच वापरा. घर काय आपण दर महिन्याला बदलतो? सातोशी नाकामोतो नावाच्या कुणीतरी २००८ साली बिटकॉइनचा आराखडा लिहिताना दर व्यवहाराला नवी किल्ली, म्हणजे नवा पत्ता, वापरा असं बजावलं होतं. पण त्याला काय कळतंय!

दुसरं, हा पत्ता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. परदेशातल्या मेहुण्याकडून सहलीचे साडेसात हजार येणं होतं. "भावजी, क्रिप्टोत पाठवतो, पटकन होईल," म्हणाला. मी माझा इथेरियमचा पत्ता ग्रुपवर टाकला. टाकायचा होता त्याला एकट्याला, पण अंगठा घसरला. बरं, डिलीट करेपर्यंत आमच्या मावसभावाने तो एक्सप्लोररमध्ये, म्हणजे कुठल्याही पत्त्याचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकलासुद्धा. मला वाटलं होतं, पत्ता म्हणजे पैसे टाकायची पेटी. निघालं अख्खं पासबुक! शिल्लक, आलेले, गेलेले, प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि वेळ, तीही सेकंदापर्यंत. मे २०२१ मध्ये घरचा फ्रीज बंद पडला होता आणि मी "या महिन्यात जमणार नाही" म्हणालो होतो. त्याच आठवड्यात घेतलेले शिबा इनू नावाचे क्रिप्टो कॉइन तिथे लख्ख दिसत होते. बायकोने स्क्रीनशॉट पाहिला आणि एकच शब्द उच्चारला. "फ्रीज." संध्याकाळी मावशीचा फोन. "काय रे, एवढं साठवलंस आणि धाकटीच्या लग्नात पाचशे एकचं पाकीट?"

तिसरं, एक्स्चेंजला, म्हणजे क्रिप्टो विकत घेतो-विकतो त्या कंपनीला, पॅन, आधार आणि सेल्फी देऊन झाल्यावर मित्रांना सांगत सुटा की आपण अनामिक आहोत.

चौथं, कुणाचा पत्ता सापडलाच तर पैसे कुठून कुठे गेले ते दाखवणारे एक्सप्लोररमधले बाण एकामागून एक धरत पुढे जा आणि दिसेल ते त्याच्याच नावावर टाका. मावसभावाने हेच केलं. मी अर्धा इथर (इथेरियमचं नाणं) विकायला एक्स्चेंजवर पाठवला होता. तिथे आलेले पैसे पुढे एका मोठ्या पाकिटात गोळा होतात आणि त्यात हजारो गिऱ्हाइकांचा माल एकत्र असतो. गड्याने दोन क्लिक करून ते पाकीट उघडलं आणि ग्रुपवर जाहीर केलं, "हेही याचंच, कोटींमध्ये आहे." अरे, एवढा मी असतो तर मेहुण्याच्या साडेसात हजारांमागे लागलो असतो का? पत्त्यावर मालकाचं नाव नसतं रे! ज्याच्याकडे पत्त्याची गुप्त किल्ली, तो मालक. मीच सातोशी म्हणणाऱ्या क्रेग राइटने कोर्टात आपले म्हणून काही पत्ते दाखवले होते. मे २०२० मध्ये त्यातल्याच १४५ पत्त्यांच्या किल्ल्या वापरून कुणीतरी सही केली की हा माणूस खोटारडा आहे. सही करणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं नाही, पण किल्ल्या कुणाकडे नाहीत ते कळलं. पुढे २०२४ मध्ये लंडनच्या हायकोर्टानेही हा सातोशी नाही असा निकाल दिला. आमच्या ग्रुपवर मात्र दोन क्लिकमध्ये निकाल लागतो.

पाचवं, ३० टक्के कर भरताना जुने व्यवहार विसरून जा. साखळीला, म्हणजे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या ब्लॉकचेनला, कुठे आठवतंय!

सगळं आठवतं तिला. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून एक लाखाच्या वर बिटकॉइन चोरीला गेले. चोराने ते इकडून तिकडे फिरवले, तरी साडेपाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये नवरा-बायको पकडले गेले आणि सुमारे ९४ हजार बिटकॉइन जप्त झाले. मुरलेल्या चोरांची ही गत, तिथे आपण कोण?

आता सरळ बोलतो. "क्रिप्टो अनामिक असतं" म्हणून छाती फुगवणाऱ्यांनो, जरा गप्प बसा. तुमच्या पत्त्याशी नाव जोडायला एक माणूस पुरतो आणि मग पुढचंच नाही, मागचंही सगळं उघडं पडतं. ते पुसता येत नाही. पैसे घ्यायला वेगळा पत्ता ठेवा, आणि कृपा करून जुन्यातून थेट नव्यात रक्कम ढकलू नका. ती वाटही तिथे दिसते. बिटकॉइनवाल्यांनीही हसू नये. चार पत्त्यांवरची चिल्लर गोळा करून एका व्यवहारात खर्च केलीत की चारही पत्ते एकाच मालकाचे हे बघणाऱ्याला कळतं.

आणि दुसऱ्याच्या पाकिटात नाक खुपसणाऱ्यांनो, दिसतं म्हणून बघायचंच का? शेजारच्याच्या खिडकीला पडदा नसला की तुम्ही स्टूल घेऊन बसता का रे? वर मोजायचं चुकीचं, आणि ते मावशीला सांगायचं!

ज्या साडेसात हजारांसाठी पत्ता दिला, त्यांचा मात्र अजून पत्ता नाही.