इंग्रजीने लावलेली शेंडी

साहेबांचा मेसेज आला, 'युअर लेट.' त्यातला 'युअर' त्यांनी 'तुमचा' या अर्थाचा टाइप केला होता, 'तुम्ही आहात' या अर्थाचा नव्हे. त्यांना म्हणायचं होतं, तुम्हाला उशीर झालाय. मी वाचलं, 'तुमचे कैलासवासी'. आणि नेमकं कोण गेलं ते पुढच्या मेसेजमध्ये कळेल म्हणून वाट बघत थांबले. साहजिकच आणखी उशीर झाला.

इंग्रजीतले हे जुळे ओळखणं अवघड आहे, असं लोक समजतात. ओळखायला काहीच लागत नाही. ओळखता येऊ लागल्यावर जे होतं, ते भोगायला लागतं. अ‍ॅपॉस्ट्रॉफीला, म्हणजे शब्दात वर लटकणाऱ्या त्या स्वल्पविरामासारख्या खुणेला, मी शेंडी म्हणते. शेंडी दिसली की तिथलं एखादं अक्षर गळालंय असं समजायचं आणि शब्द सोडवून वाचायचा. शेंडीवाला 'इट्स' म्हणजे 'इट इज', नाहीतर 'इट हॅज'. बिनशेंडीचा म्हणजे 'त्याचं'. सोडवून वाचल्यावर वाक्य शहाण्यासारखं वागलं तर शेंडी ठेवा, नाहीतर कापा. 'हूज' आणि 'युअर' यांनाही हेच औषध. 'देअर'मध्ये 'तिथे' नावाचं तिसरं भावंड घुसलंय खरं, पण त्याला शेंडी नसतेच.

ही युक्ती एकदा डोक्यात शिरली की बाहेर निघत नाही, हे मात्र कोणी आधी सांगत नाही. मग लोकांचं इंग्रजी मला असं ऐकू येतं: 'कुत्र्याने ते आहे शेपूट हलवलं.' 'ही कोण आहे छत्री राहिलीय?' 'ते आहेत मुलीचं लग्न ठरलं.' निवृत्त होणाऱ्या एका मॅडमच्या कार्डावर तर सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'तुम्ही आहात हास्य आम्हाला कायम आठवेल.' त्याखाली सगळ्यांनी सह्या केल्या, मलाही करावी लागली. सही करता करता ती शेंडी नखाने खरवडून पाहिली. शाई पक्की होती.

बरं, चुकणाऱ्यांना तरी किती बोलायचं? मुळात लबाडी इंग्रजीची आहे. मांजराचं, राजाचं, शेजाऱ्याचं, सगळीकडे मालकी दाखवायला शेंडी लागते. मांजराच्या शेपटीला शेंडी हवी आणि 'त्याच्या' शेपटीला नको, हे कोणत्या शहाण्याने ठरवलं? पंडित सांगतात, सर्वनामांच्या घराण्यात शेंडीची प्रथाच नाही. 'हिज', 'हर्स', 'युअर्स', सगळे बोडके. 'हिज'मध्ये कोणी शेंडी खोचत नाही, तशी 'इट्स'मध्येही खोचू नये. हे पटतं, पण इतिहास वाचेपर्यंतच. पूर्वी 'इट'ची मालकीसुद्धा 'हिज'नेच सांगायचे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्येही 'इट्स'ऐवजी 'हिज' किंवा 'देअरऑफ'वर भागवलंय. 'इट्स' सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि पुढे बराच काळ कित्येक सुशिक्षित लोक तो राजरोस शेंडीसकट लिहीत होते. 'इट इज'चं काम तेव्हा 'टिज' करायचा, तोही शेंडी पुढे काढून. त्याची जागा शेंडीवाल्या 'इट्स'ने घेतली, तशी मालकीवाल्याची शेंडी हळूहळू उडाली.

1787 साली अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली. तिच्या पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, राज्यांच्या तपासणी कायद्यांच्या उल्लेखात, मालकीवाला 'इट्स' शेंडीसकट बसलाय. अजूनही बसलाय. त्यांनी लिहिली तर घटना, आमच्या कारकुनाने लिहिली तर दुर्घटना!

इंग्लंडात जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने 2001 साली अ‍ॅपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी चक्क संस्था काढली होती. 2019 साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं जाहीर करून त्यांनी ती बंद केली. पुढे दुसऱ्या कोणी ती पुन्हा सुरू केली म्हणे. अशा माणसांबद्दल मला आदर आहे आणि थोडी काळजीही वाटते.

कारण खरा छळ चूक दिसल्यानंतर सुरू होतो. सांगायचं की गिळायचं? शेंडी तुटो की पारंबी, असं म्हणून एकदा एका मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "अर्थ कळला ना तुला?" कळला होता, हेच तर दुःख! शिवाय 'मफ्रीचा नियम' मानगुटीवर असतोच. 'जे बिघडू शकतं ते बिघडतंच' म्हणणारा मर्फी नव्हे, मफ्रीच. जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने 1992 साली तो मुद्दाम चुकीच्या नावाने मांडला: दुसऱ्याच्या लेखनातली चूक दाखवायला जे लिहाल, त्यात तुमची एक चूक हमखास असेल. त्यामुळे दुरुस्तीचा मेसेज मी इतक्या वेळा वाचते की तोवर समोरचीने पुढे तीन ओळी पाठवलेल्या असतात. त्यात नव्या शेंड्या.

हा लेख देवनागरीत लिहिला, त्यामागे हाही एक सुज्ञ विचार आहे. इथे दोन्ही 'इट्स' अगदी सारखे दिसतात, मफ्री काय शोधणार? पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी तपासत बसणाऱ्यांनी मात्र कृपया जरा भरभर वाचावं.