एक नग कमी

आत्याबाईंचा अमृतमहोत्सव जवळ आला आणि मला हातानं कार्ड करायची अवदसा आठवली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. साडी द्यावी तर त्यांच्या कपाटात घडी न मोडलेल्या चाळीस पडून आहेत. भांडं द्यावं तर वर्षाच्या आत कुणाच्या तरी बारशात तेच भांडं फिरून आपल्याकडे येतं. अशा अडचणीत लेकीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. सुंदर नखांची एक बाई गुलाबाचा ठसा उठवते, कापते, चिकटवते आणि चार मिनिटांत कार्ड तयार. तिच्या मागे संथ पियानो वाजत होता. माझ्या मागे माझे सासरे होते.

बाबा नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेत. ही प्रेस १९२५ साली सुरू झाली आणि त्याआधी बरीच वर्षं आपली पोस्टाची तिकिटं लंडनहून छापून यायची, हे आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी येतं. तिकिटं आणि स्टँपपेपर यांत हयात गेलेला माणूस. वाढदिवसाचा केक आला तरी आधी कडा काटकोनात आहे का बघतात.

सुरुवात मेन रोडपासून झाली. शिक्के करणाऱ्याच्या टपरीवर जाऊन मी विचारलं, "फुलाचा रबर स्टँप मिळेल?"

"कुठल्या ट्रस्टचा?"

"ट्रस्ट नाही. नुसतं फूल."

"आणि खाली पत्ता? रजिस्टर नंबर?"

मी नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी काहीतरी बोगस संस्था काढत्येय. शाईत निळी, जांभळी, लाल, हिरवी एवढेच रंग. "हिरवी साहेब लोकांची. गॅझेटेड," तो म्हणाला. पानांना बरी म्हणून मी घेतली. शिवाय मराठी मजकुराचे तयार ठसे कुठे मिळेनात, म्हणून 'अमृतमहोत्सवी शुभेच्छा' हा ठसा त्याच्याकडूनच करून घेतला. संध्याकाळी हातात पडला तेव्हा अक्षरं थेट 'सत्यप्रत'च्या वळणाची होती, आणि हाताच्या सवयीनं त्यानं खाली टिंबटिंबांची रेघ मारून 'करिता' असंही घातलं होतं. ते मी ब्लेडनं कापून काढलं. आत्याबाई काही कुणाच्या करिता सही करत नाहीत.

घरी हिरवी बाटली पाहून बाबा म्हणाले, "आमची सगळी नोकरी निळ्या शाईत गेली हो." आणि बाटली उजेडात धरून बराच वेळ बघत बसले.

बाकीचं सामान ऑनलाइन आलं. पारदर्शक गुलाबाचे ठसे, ते ज्याला चिकटवायचे तो ॲक्रिलिकचा ठोकळा, कापायचे स्टीलचे साचे, म्हणजे डाय, आणि दांडा फिरवायचं यंत्र. डाय म्हणजे करंजीच्या कातण्याची नाजूक बहीण, फक्त हिची धार फुलाच्या आकाराची. यंत्र म्हणजे रसवंतीचा चरक. एका प्लेटवर जाड कागद, त्यावर डाय, वर दुसरी प्लेट, असं सँडविच करून रुळांमधून काढायचं. उसाच्या जागी कागद आणि घुंगरांच्या जागी प्लेटची करकर. पहिल्यांदा कडाड्कन आवाज आला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं, बाबांचा मणका गेला.

आता गुलाबाविषयी. या शहराचं मोगलांच्या काळातलं नाव गुलशनाबाद. इथल्या माणसाला गुलाब काढणं जड जाऊ नये. पण ठशांचा गुलाब एका ठशात होत नाही. आधी फिक्या गुलाबीचा ठसा, त्यावर मध्यम छटेचा, त्यावर गडद पाकळ्यांच्या कडा. तिन्ही एकमेकांवर तंतोतंत बसले तर गुलाब. गडद कडा दोन मिलिमीटर सरकल्या तर कोबी. माझी पहिली सात फुलं बघून लेक म्हणाली, "आई, भाजीवालीचं कार्ड करत्येस का?"

आणि इथे बाबांनी चष्म्यावर भिंग लावलं.

"सूनबाई, रजिस्टर हललंय."

रजिस्टर म्हणजे एका रंगावर दुसरा रंग अचूक बसणं, हे मला कळेपर्यंत मी त्यांना कपाटातली वही शोधून दिली होती. ती वही मात्र त्यांनी परत केली नाही. तीन रकाने आखले: छापले, पास, बाद. "आमच्या वेळी बाद कागदाचासुद्धा हिशेब असायचा. हिशेब जुळल्याशिवाय शिफ्ट सुटत नसे." त्या दिवसापासून आमच्या डायनिंग टेबलाची शिफ्ट सुरू झाली.

बाद होण्याची कारणं त्यांनी सुवाच्य अक्षरात नोंदवली आहेत. 'शाई फुटली.' हा हातकागद, त्यानं शाई टिपकागदासारखी पिऊन टाकली. 'शाई वाळली नाही.' हा गुळगुळीत कागद. त्यावर ती वाळतच नाही, तिसऱ्या दिवशी दुधाच्या पिशवीवर उमटते. मग ३०० जीएसएमचा बिनचकाकीचा जाड कागद आणला, तिथून पुढे 'स्वेटरची बाही', 'ठोकळा डुलला' आणि दोनदा नुसतंच 'शिंक'. जानेवारीचे दिवस, निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या. शिंकेला मी तरी काय करणार? ॲक्रिलिकचा ठोकळा एकदा हरवला म्हणून मी ठसा मिसळणाच्या डब्याच्या झाकणाला चिकटवून पाहिला. ठोकळा पारदर्शक का असतो ते तेव्हा कळलं. झाकणाआडून काही दिसत नाही. ते फूल सरळ पाकिटाबाहेर उमललं. शेरा: 'हळद.'

कापताना तर वेगळाच छळ. डायच्या पोटात नखाएवढी पानं अडकून बसतात आणि मागच्या भोकातून सुई घालून एकेक बाहेर ढकलावी लागतात. उडालेलं पान वरणात सापडलं तर ते 'बाद' की 'पास', यावर बापलेकांत अर्धा तास चर्चा झाली. नवऱ्याचं या प्रकल्पातलं योगदान तेवढंच.

अखेर शनिवारी संध्याकाळी कार्ड झालं. पाच गुलाब, स्पंजाच्या दुहेरी चिकटपट्टीवर जरा उचलून बसवलेले, राजपत्रित पानं, वर शुभेच्छा. बाबांनी भिंगातून पाहिलं, काहीच बोलले नाहीत. हे त्यांच्याकडचं पद्मश्री समजावं. मग माकडटोपी चढवून ते जेलरोडच्या कट्ट्यावर गेले.

परत आल्यावर वही उघडली. गुलाब छापले बत्तीस. कार्डावर पाच. बाद पंचवीस.

"दोन नग कमी," बाबा म्हणाले.

आठ वाजले होते, भाकरी तव्यावर होती. कुणालाही जेवायला बसू देईनात. सोफा उलटा झाला, कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर ओतली गेली. पंधरा मिनिटांनी सासूबाई हळूच म्हणाल्या, "एक मी गजानन महाराजांच्या फोटोला वाहिलाय. चांगला होता म्हणून."

बाबा क्षणभर थांबले. 'देवाकडे – १.' त्या रकान्याला प्रेसमध्ये मान्यता नसावी, पण सासूबाईंपुढे प्रेस चालत नाही.

उरला एक. आणि तो नेमका मागची चिकटपट्टी सोलून तयार ठेवलेला, सगळ्यांत चांगला. खुर्चीच्या पाठीवर ठेवल्याचं मला आठवत होतं. लेकीची उलटतपासणी झाली, नवऱ्याचे खिसे झाले. भाकरी गार झाली.

नऊच्या सुमाराला बाबांचा फोन वाजला. प्रेसमधले जुने सहकारी. "अहो, ग्रुपवर फोटो पाहिला का? आज काय विशेष?"

बाबांनी ग्रुप उघडला. कट्ट्यावर ओळीनं बसलेले सहा पाठमोरे ज्येष्ठ नागरिक, आणि डावीकडून तिसऱ्याच्या तपकिरी माकडटोपीवर, बरोब्बर मध्यभागी, उमललेला गुलाब. खाली अकरा हसरे चेहरे.

आम्ही कुणीच हसलो नाही. म्हणजे, सासूबाई पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात गेल्या.

बाबांनी खुंटीवरची टोपी आणली. गुलाब तसाच होता, जेलरोडची थंडी खाऊनही पाकळी दुमडली नव्हती. त्यांनी भिंग लावलं.

"याचं रजिस्टर एकदम बरोबर आहे," ते म्हणाले. "कार्डावरचा मधला काढ आणि हा लाव."

मी लावला. मागे थोडी तपकिरी लोकर आली, ती देठ म्हणून खपली. मधून निघालेला गुलाब बादमध्ये गेला. बाबांनी वहीत लिहिलं, 'टोपीवर – १. परत जमा.' मग इकडेतिकडे पाहून उदबत्तीची एक काडी घेतली, बाटलीत बुडवली आणि खाली झोकदार सही केली.

हिरव्या शाईत.