मालकाचं उत्तर: ते साडेतीन तास तुमच्या डिझेलमध्ये गेले, साहेब

नमस्कार साहेब,

दुबईहून मालवाहू जहाजावर आलेली तुमची बोट आम्ही गोदीत क्रेनने उतरवत असताना तिला धक्का लागला, याबद्दल मनापासून माफी मागतो. त्या वेळी बोट आमच्या बेल्टमध्ये, म्हणजे उचलायच्या पट्ट्यांत होती, म्हणजे जबाबदारी आमची. त्यात दुमत नाही.

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय, "साडेतीन तास उन्हात ताटकळत ठेवलं, मग घाईघाईत उचलून जहाजावर आपटली. दुबईत असं कधी होत नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले." 'आपटली' हा शब्द मी गिळतो. पण साडेतीन तासांचं गिळवत नाही, कारण ते तास कशात गेले हे तुम्ही धक्क्यावर उभं राहून बघत होतात.

आमची माणसं गोदीत साडेसहाला हजर होती. सव्वाआठला दोन्ही नारिंगी बेल्ट बोटीखाली गेले होते, वर स्प्रेडर बीम, म्हणजे बेल्ट एकमेकांपासून लांब धरणारी आडवी तुळई, लागला होता. (नारिंगी म्हणजे १० टनी. रंग शोभेसाठी नसतो.) ८ वाजून ४० मिनिटांनी बोट जहाजावरच्या पाळण्यावरून, म्हणजे ती ज्या आधारावर ठेवलेली होती त्यावरून, जेमतेम सहा इंच उचलून थांबवली. हे आम्ही दरवेळी करतो, कारण बोट खरी किती वजनाची आणि कुठे जड आहे हे कागदावर कळत नाही, तिथेच कळतं. तुमच्या कागदावर वजन १४.२ टन. क्रेनच्या काट्यावर १६.९. फोटो माझ्याकडे आहे. शिवाय नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर आणि मागची बाजू खाली, इतकी की मागचा खलाशी वाकून बघायच्या ऐवजी मागे सरला.

१४.२ हे कंपनीच्या माहितीपत्रकातलं वजन, म्हणजे टाक्या कोरड्या धरून. तुमची डिझेलची टाकी ११०० लिटरची आणि ती काठोकाठ भरलेली. तेच ९०० किलोच्या वर झालं. पाण्याच्या टाकीत ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो. डिंगी, म्हणजे सोबतची छोटी होडी, इंजिनासकट मागच्या फळीवर बांधलेली. केबिनमधल्या खोक्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

बोट दुबईच्या जेबेल अली बंदरात जहाजावर चढवण्याच्या आठ दिवस आधी मी तुम्हाला लिहून कळवलं होतं: डिझेल चौथाईपेक्षा कमी ठेवा, पाणी पूर्ण काढा, डिंगी वेगळी पाठवा. त्यावर तुमचा अंगठा आला. पूर्वी अंगठा उठवला की माणूस बांधला जायचा. तिकडे डिझेल स्वस्त आहे हे मलाही समजतं, पण मग ते उतरवायला वेळ लागतो हेही समजून घ्यावं.

तुम्ही तेव्हा म्हणालात, "बेल्ट थोडा मागे सरकवा आणि उचला." मागे शाफ्ट, म्हणजे पंखे फिरवणारा दांडा, आणि पंखे आहेत, साहेब. तिथे बेल्ट गेला असता तर आज आपण एका ओरखड्यावर भांडत बसलो नसतो. थोडं डिझेल काढूनही भागत नाही. अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, बोट कलली की सगळं तेल त्याच बाजूला धावतं. म्हणून पूर्ण काढायचं ठरवलं. गोदीत डिझेल काढायचं तर परवानगी, आगीच्या बंदोबस्ताचा माणूस, रिकामी पिंपं. पिंपं टेम्पोने आणली. हातपंपाने ती भरली. ती तुमच्या माणसाच्या ताब्यात दिली, सही आहे. बारा वाजून दहा मिनिटांनी टाकी रिकामी झाली. हेच तुमचे साडेतीन तास. त्यात आमच्या कुणी चहासुद्धा घेतला नाही.

आता जे चुकलं ते. फेब्रुवारीत सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो, तेव्हाच उचलायचं म्हणून साडेआठ ठरवले होते. बारानंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि हवेत लटकलेली ४२ फुटी बोट शिडासारखी वागते. मी तिथे "उद्या सकाळी" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. जहाजाच्या कप्तानाला क्रेन दुसऱ्या मालासाठी हवी होती आणि तुमच्या गुरुजींचा मुहूर्त टळत होता, हे तुम्ही मला चार वेळा ऐकवलंत. मुहूर्ताला माझा विरोध नाही. मीही नारळ फोडल्याशिवाय बेल्ट लावत नाही. पण हुकूम माझा होता, तो मी दिला.

आणि दुसरी चूक, जी तुमच्या लक्षात आली नाही, तरी सांगतो. बोट फिरू नये म्हणून पुढून धरलेल्या दोरीवरच्या आमच्या माणसाच्या हातमोज्यांना डिझेल लागलेलं होतं. झुळूक आली, दोरी त्याच्या हातातून सुळकन गेली आणि बोट फिरून उजव्या बाजूने जहाजाच्या अंगाला घासली. हातमोजे बदलायला कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्या माणसालाही. तो अठरा वर्षं माझ्याकडे आहे.

सर्व्हेअर तुमच्याच विम्याचा होता. त्याने छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने सगळी बाजू ठोकून ऐकली, ओलीचं मीटर लावलं. आवाज सगळीकडे टणक, म्हणजे आत काही सुटलेलं नाही. बाहेरची रबर पट्टी दीड हात खरचटली, जेलकोटला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, ओरखडा आणि कठड्याचा एक खांब वाकला, एवढंच नुकसान. ते आम्ही आमच्या खर्चाने करून देतोय हे तुम्ही लिहिलं नाहीत. पैशांबद्दल म्हणाल तर त्यातले बरेचसे जहाजाचे आणि गोदीचे होते. आमची मजुरी वेगळी लिहिलेली आहे, बिल बघा.

"दुबईत असं होत नाही" असेल. पण २०१९ च्या मे महिन्यात 'माय साँग' नावाची ४० मीटरची शिडाची यॉट पाल्माहून जेनोआला जाताना मालवाहू जहाजाच्या डेकवरून थेट समुद्रात गेली. वाहतूक कंपनीने पाळण्याकडे बोट दाखवलं आणि पाळणा यॉटवाल्यांनीच दिलेला होता असं सांगितलं. मी कुणाकडे बोट दाखवत नाही. बोटीच्या धंद्यात ते परवडतही नाही. मे महिन्यात पावसाच्या आधी बोटी पाण्याबाहेर काढायच्या, याच कामावर आमचं वर्षाचं पोट आहे. तुमचा तारा वाचून या आठवड्यात दोन चौकश्या परत गेल्या.

यापुढे टाक्यांचं लेखी घेऊ, नुसत्या अंगठ्यावर नाही. दोन दोऱ्यांच्या जागी चार लावायच्या असं चाललंय. वाऱ्याचंही काहीतरी ठरवतो आहोत.

जेलकोटचा कारागीर मंगळवारी सकाळच्या रो-रो फेरीबोटीने मांडव्याला येतोय. पांढऱ्या रंगाचा नेमका नंबर आणि कठड्याचा खांब त्याच्याकडे आहे. केबिनची किल्ली कुणाकडे मागायची तेवढं कळवा. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून इथे विचारतो.