चालत्या इंजिनची बॅटरी सोडवणारा मेसेज

जुन्या गाडीचे दोष घरीच ओळखायच्या चार युक्त्यांचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. एक, इंजिन चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा; इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं, बॅटरी भरणारं यंत्र) गेला, चालू राहिलं तर तो ठणठणीत. दोन, सेल्फ मारल्यावर नुसती टकटक झाली तर बॅटरी बदला. तीन, फ्यूज सारखा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा बसवा. चार, गाडी तापते? थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाका.

पहिलीवर जास्त बोलतो, कारण ती सगळ्यांत महागात पडते. ही युक्ती डायनॅमोच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या आधी वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, काळातली. तेव्हा गाडीत जळून जाईल असं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतंच. 1960च्या दशकात अल्टरनेटर सर्रास आले, मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन, मग इंजिनचा कंट्रोलर. युक्ती मात्र होती तिथेच राहिली. अल्टरनेटर बॅटरीत करंट ओतत असताना तार सुटली तर त्या करंटला जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज उसळतं. ही उसळी किती मोठी? गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या चाचण्यांसाठी आयएसओ 16750-2 हे मानक आहे. आतून संरक्षण नसलेल्या अल्टरनेटरसाठी, 12 व्होल्टच्या गाडीत, त्यात 79 ते 101 व्होल्टचा झटका धरलाय, तोही 40 ते 400 मिलिसेकंद टिकणारा. हे मानक पाळून बनलेला भाग एक वेळ तगेल, पण वीस वर्षांपूर्वीचा कंट्रोलर आणि त्यात कुणीतरी बसवलेला स्वस्तातला स्टिरिओ यांची खात्री कोण देणार?

बरं, एवढी जोखीम घेऊन उत्तर तरी खरं मिळतं का? तेही नाही. अल्टरनेटरच्या आतल्या डायोडांपैकी (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) एखादा गेला तर त्याची ताकद घटते, पण इग्निशन चालवायला लागणारे थोडेसे अँपिअर तो तरीही देतो. इंजिन चालू राहतं, तुम्ही खूश होता आणि चार दिवसांनी बॅटरी उतरते. उलट, हेडलाइट आणि पंखा चालू असताना तार काढली तर आयडलिंगवर चांगला अल्टरनेटरही दम टाकू शकतो.

त्यापेक्षा साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन सुरू केल्यावर आकडा 13.8 ते 14.5च्या दरम्यान हवा. आता हेडलाइट आणि पंखा लावा, थोडा अॅक्सिलेटर द्या. तरी 13च्या खालीच राहिला तर चार्जिंगमध्ये गडबड आहे, आणि 15च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग, बिघडलाय. अल्टरनेटर खोलायच्या आधी पट्टा सैल आहे का तेवढं बघा. मी एकदा न बघता अख्खा अल्टरनेटर उतरवला होता.

टकटकीबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बॅटरी उतरली की सेल्फकडे करंट सोडणारा रिले टकटकतो, हे खरंच. पण जुन्या गाडीत तितक्याच वेळा गुन्हेगार असते अर्थची तार, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत जाणारी, टोकाला हिरवी-पांढरी बुरशी धरलेली. सेल्फ 150 अँपिअर ओढतो असं धरा. जोडात ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. आणि साध्या मीटरवर ओहम मोजायला गेलात तर एवढासा अडथळा दिसतही नाही. म्हणून मोजायचं ते सेल्फ फिरत असताना. मीटरची काळी टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशावर), लाल टोचणी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. एक व्होल्ट दिसला तर नवी बॅटरी आणूनही टकटकच ऐकायला मिळेल. हेडलाइट लावताच तापमानाचा काटा उडी मारत असेल किंवा इंडिकेटरबरोबर मागचे दिवेही लुकलुकत असतील, तर शंका आधी अर्थवरच घ्या.

मोठ्या फ्यूजबद्दल मात्र मेसेज लिहिणाऱ्याला माफी नाही. फ्यूज उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. 10च्या जागी 20चा टाकलात की तारेला चौपट तापायची परवानगी दिलीत. डॅशबोर्डमागे, जिथे हात जात नाही, तिथे. त्याऐवजी उडालेल्या फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब दोन तारांनी जोडा. शॉर्ट असेल तर तो पूर्ण तेजाने पेटेल, आणि करंट दोन अँपिअरच्या आतच राहील. मग त्या सर्किटमधला एकेक कनेक्टर सोडवत जा. ज्याच्यापाशी बल्ब विझेल किंवा मंदावेल, शॉर्ट त्याच्या पुढे.

राहिला थर्मोस्टॅट. बंद अवस्थेत अडकला तर गाडी तापते, हे मान्य, पण मग तो बदला. काढून टाकलात तर इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, कंट्रोलर त्याला थंडच समजून जास्त पेट्रोल देतो, आणि काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून पाणी रेडिएटर चुकवूनच फिरतं. गाडी कधी तापते यावर आधी लक्ष ठेवा. सिग्नलला उभी असताना तापून वेग घेतल्यावर निवत असेल तर संशय पंख्यावर. वेगात, चढावर तापत असेल तर चोंदलेला रेडिएटर किंवा कुलंटचं अपुरं फिरणं. थर्मोस्टॅट काढलाच असेल तर फेकू नका. पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत बुडवून तापवा. त्याच्यावर तापमान छापलेलं असतं, बऱ्याचदा 82 किंवा 88 अंश. त्याच्या आसपास उघडायला लागला तर तो पुन्हा गाडीत बसवा; दोष दुसरीकडे आहे.